न पोहोचलेली सूचना आणि मानीव ज्ञान

‘कळविणे’ हे ‘कळणे’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. ‘मी लिहिले’ असे म्हणताना वाचणारा असावाच लागतो असे नाही. परंतु ‘मी त्याला कळविले’ असे म्हटल्यावर ‘त्याला कळले’ हा अर्थ व्याकरणदृष्ट्या आत यावयास हवा. ‘मुलाला निजविले, पण तो निजला नाही’ हे वाक्य आपल्याला खटकते. ‘मी कळविले होते, पण तुला पत्र मिळाले नसेल’ हे वाक्य मात्र कोणासही खटकत नाही. म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारात ‘कळविणे’ या शब्दाचा अर्थ फलाकडून प्रयत्नाकडे सरकलेला आहे. कळण्यासाठी जे करावयाचे ते केले, एवढाच तो उरला आहे. भाषेतील ही सरकलेली जागा कायद्याने फार पूर्वी हेरली आणि तिच्यावर एक मोठी इमारत उभी केली. प्रस्तुत लेखात त्या इमारतीचा एक लहानसा कोपरा पाहावयाचा आहे. रस्त्यावर नियमबाह्य रीतीने वाहन उभे केल्याबद्दल दंड झाला, त्याच्या आधीच्या सूचना मालकाच्या हाती पडल्याच नाहीत, आणि एकदम वसुलीचा आदेश दारात आला. अशा वेळी त्या मनुष्याला कोणते म्हणणे मांडता येते, कोणते येत नाही, आणि का, हा तो प्रश्न होय. उदाहरण इंग्लंडमधील घेतले आहे. कारण ‘सूचना पोहोचली नाही’ एवढ्याच म्हणण्यासाठी तेथे स्वतंत्र कागद व स्वतंत्र वाट आखून दिलेली आहे, आणि त्यामुळे या विषयाचे अर्थशास्त्र, म्हणजे शब्दार्थाचे शास्त्र, तेथे फार स्वच्छ दिसते.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत नोटीस ‘बजावतात’. हे क्रियापद इतरत्र आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘बजावून सांगणे’ म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनावर ठसेल असे सांगणे. ‘कामगिरी बजावणे’, ‘हक्क बजावणे’ म्हणजे आपल्याकडचे काम पार पाडणे. पहिल्या अर्थात ऐकणारा अनिवार्य आहे, दुसऱ्यात त्याचे काही कारण नाही. नोटीस बजावणारा आपल्या मते दुसऱ्या अर्थाने बजावीत असतो, आणि जिला ती बजावली जाते ती व्यक्ती पहिल्या अर्थाची अपेक्षा करीत असते. पुढे येणारा सारा वाद या दोन अर्थांमधील आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष क्रम. इंग्लंडमधील स्थानिक कौन्सिले २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट अॅक्टखाली हा दंड आकारतात. त्या कायद्याचा वाहन उभे करण्याविषयीचा भाग ३१ मार्च २००८ पासून अमलात आला. पहिला कागद म्हणजे ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. तो बहुधा मोटारीच्या काचेवर लावला जातो किंवा चालकाच्या हाती दिला जातो; काही प्रसंगी टपालानेही येतो. काचेवर लावलेल्या नोटिशीचे पैसे १४ दिवसांत भरल्यास अर्धी रक्कम पुरते. २८ दिवसांत काहीच झाले नाही, तर कौन्सिल स्वान्सी येथील वाहन-नोंदणी कार्यालयाकडून मालकाचे नाव व पत्ता मिळविते आणि त्या पत्त्यावर ‘नोटीस टू ओनर’ धाडते. हा दुसरा कागद सर्वांत महत्त्वाचा. दंडास औपचारिक हरकत घेण्याचा अधिकार याच कागदाने मिळतो आणि त्यासाठी २८ दिवसांची मुदत असते. हरकत फेटाळली गेल्यास स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्यासही २८ दिवसच. लंडनमध्ये हे काम ‘लंडन ट्रायब्युनल्स’कडे व इंग्लंडच्या उर्वरित भागात ‘ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल’कडे आहे.

मालकाने या दुसऱ्या कागदास काहीच उत्तर दिले नाही, तर तिसरा कागद निघतो: ‘चार्ज सर्टिफिकेट’. त्याने दंड निम्म्याने वाढतो. समजा मूळ रक्कम १०० पौंड होती. वेळीच भरणाऱ्यास ती ५० पडली असती, या टप्प्यावर ती १५० होते. आणखी १४ दिवस गेले की कौन्सिल ही रक्कम नॉर्थम्प्टन येथील ‘ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटर’मध्ये कर्ज म्हणून नोंदवू शकते, नोंदणीचे शुल्क त्यात मिळविले जाते, आणि चौथा कागद निघतो: ‘ऑर्डर फॉर रिकव्हरी’, म्हणजे वसुलीचा आदेश. यालाही उत्तर आले नाही तर वॉरंट निघते आणि बेलिफ दारात येतो. त्याचे शुल्क वेगळे. आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांतला बेलिफ समन्सही बजावतो आणि जप्तीही करतो. येथील बेलिफाचे काम मात्र शेवटच्या टोकाचे, वसुलीचे आहे.

हा क्रम वाचताना एक गोष्ट ध्यानात यावी. प्रत्येक पुढचा कागद मागच्या कागदाच्या मौनावर उभा आहे. ‘तुम्ही उत्तर दिले नाही, म्हणून’ हे त्या प्रत्येकाचे अध्याहृत पूर्वपद. आणि उत्तर न देणे ही क्रिया मानावयाची, तर प्रश्न ऐकलेला असला पाहिजे. न ऐकलेल्या प्रश्नास कोणी गप्प बसत नाही. तो केवळ तेथे नसतो. एखादे कुटुंब घर बदलून एका गावाहून दुसऱ्या गावी गेले, आणि मोटारीच्या नोंदणीपुस्तकातील पत्ता जुनाच राहिला, तर दुसरा, तिसरा आणि कदाचित चौथाही कागद रिकाम्या घराच्या दाराआड पडत राहतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आणि दर वर्षा-दोन वर्षांनी भाड्याचे घर बदलणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना हा प्रसंग अपरिचित नसावा. अशा मनुष्याचे मौन आणि जाणूनबुजून गप्प बसणाऱ्याचे मौन कागदावर सारखेच दिसतात.

हा भेद पुन्हा उकलण्यासाठी वसुलीच्या आदेशाबरोबर ‘विटनेस स्टेटमेंट’चा नमुना दिला जातो, त्याचा क्रमांक टीई-९. २००८ पूर्वी हेच काम शपथेवरील प्रतिज्ञापनाने होत असे. आदेश बजावला गेल्यापासून २१ दिवसांत हे निवेदन नॉर्थम्प्टनच्या केंद्राकडे पोहोचावे लागते. त्यात चार कारणांपैकी एक निवडावयाचे असते. पहिले, मला नोटीस टू ओनर मिळाली नाही. दुसरे, मी हरकत घेतली होती, परंतु ती फेटाळल्याची नोटीस मला मिळाली नाही. तिसरे, मी न्यायाधिकरणाकडे अपील केले होते, त्याचे उत्तर आले नाही. चौथे, मी दंड भरलेला आहे. पाचवे कारण नाही.

या चार कारणांचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. त्यांतील एकही ‘माझी मोटार तेथे उभी नव्हती’, ‘फलक झाडाआड होता’ किंवा ‘माझ्याजवळ परवाना होता’ असे म्हणत नाही. पहिली तीन कारणे घटनेविषयी नसून संवादाविषयी आहेत. संवादाची साखळी कोठे तुटली, एवढेच ती सांगतात. चौथे तेवढे फलाविषयी आहे. मनुष्याचा स्वाभाविक कल मात्र आपण निर्दोष आहोत हे प्रथम सांगण्याकडे असतो. वसुलीचा आदेश पाहून तो अस्वस्थ होतो आणि त्या लहानशा चौकटीत फलक कसा दिसत नव्हता याचे सविस्तर वर्णन लिहितो. ते वर्णन खरे असेल, प्रभावीही असेल. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे, आणि या टप्प्यावर त्याचा विचार करण्याचा अधिकार त्या केंद्रास नाही. ज्याला दंडास आव्हान द्यावयाचे आहे त्याने येथे दंडाविषयी बोलावयाचे नाही; आपल्याला बोलावण्यात आले नव्हते एवढेच सांगावयाचे. हा विरोधाभास समजून घेतला की अर्धे काम झाले.

निवेदन मान्य झाले म्हणजे मनुष्य सुटला असेही नव्हे. त्याने वसुलीचा आदेश रद्द होतो आणि चार्ज सर्टिफिकेटही रद्द होते. वाढलेली रक्कम गळून पडते. पहिले कारण दिले असल्यास जुनी नोटीस टू ओनरही रद्द ठरते, आणि कौन्सिलला वाटल्यास ती नवी नोटीस धाडू शकते. इतर कारणांच्या बाबतीत प्रकरण निर्णयाधिकाऱ्याकडे सोपविले जाते. म्हणजे घड्याळ जेथे चुकले तेथवर मागे नेले जाते. नवी नोटीस आली की त्या वेळी फलकाचे, झाडाचे आणि परवान्याचे म्हणणे मांडावयाचे. त्याची ती जागा. निवेदनाखाली सत्यतेची ग्वाही असते आणि ते जाणूनबुजून खोटे केल्यास न्यायालयाच्या बेअदबीची कारवाई होऊ शकते. नोटीस मिळाली होती पण उघडली नाही, अशा मनुष्याला ‘मिळाली नाही’ असे म्हणता येणार नाही. ‘मिळणे’ आणि ‘वाचणे’ हे दोन शब्द कायद्याने येथे काटेकोरपणे वेगळे ठेवले आहेत.

यापुढचा प्रसंग अधिक बिकट आहे. वसुलीचा आदेशही जुन्याच पत्त्यावर गेला आणि मालकाला पहिली वार्ता बेलिफाच्या पत्राने कळली, तर २१ दिवस केव्हाच उलटलेले असतात. अशा वेळी टीई-९ बरोबर टीई-७ हा दुसरा अर्ज जोडावा लागतो. मुदतीनंतर निवेदन दाखल करण्याची परवानगी मागणारा. येथेही दोन प्रश्न वेगळे आहेत आणि ते एकत्र केल्याने पुष्कळ अर्ज दुबळे होतात. टीई-९ विचारतो, ‘नोटीस टू ओनर मिळाली होती काय?’ टीई-७ विचारतो, ‘हे निवेदन उशिरा का?’ पहिल्याचे उत्तर नोटिशीविषयी, दुसऱ्याचे आदेशाविषयी आहे. ‘मला नोटीस मिळाली नाही’ हे वाक्य दोन्ही कागदांवर लिहिले, तर दुसरा प्रश्न अनुत्तरितच राहतो. घर केव्हा सोडले, आदेश कोणत्या पत्त्यावर गेला, प्रकरण प्रथम कोणत्या दिवशी व कशाने कळले आणि त्यानंतर किती दिवसांत अर्ज केला, हे तारखांसह लिहिणे व भाडेकरार किंवा करपावती यांसारखा आधार जोडणे, हे टीई-७ चे खरे उत्तर होय. हा अर्ज विचाराधीन असेपर्यंत वसुली थांबविण्यात येते. कौन्सिलला अर्जास विरोध करता येतो. तो नामंजूर झाल्यास शुल्क भरून जिल्हा न्यायाधीशाकडे फेरविचार मागता येतो.

येथे एका समानोच्चारी संज्ञेचा उल्लेख करणे अवश्य आहे. इंग्लंडमध्ये खाजगी वाहनतळांच्या कंपन्याही काचेवर कागद लावतात किंवा घरी पत्र पाठवितात. त्यास ‘पार्किंग चार्ज नोटीस’ म्हणतात. कौन्सिलची ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ आणि ही ‘पार्किंग चार्ज नोटीस’, दोहींचे आद्याक्षररूप ‘पीसीएन’ हेच. एका अक्षराचाही फरक नाही आणि कायद्याने अर्थ सर्वस्वी निराळा: पहिली सार्वजनिक सत्तेची दंडाज्ञा, दुसरी कराराच्या भंगाबद्दल खाजगी पक्षाने केलेली मागणी. अशी मागणी वैध असू शकते, हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात ठरविले. तेथे ८५ पौंडांची आकारणी मान्य झाली. परंतु या दुसऱ्या प्रकारात नॉर्थम्प्टनचे निवेदन चालत नाही. तेथे कंपनीस काउंटी कोर्टात दावा लावावा लागतो. दाव्याचे कागद जुन्या पत्त्यावर गेले आणि उत्तर आले नाही, तर एकतर्फी निवाडा होतो, आणि तो रद्द करविण्यासाठी केवळ ‘मला कळले नाही’ एवढे म्हणून बहुधा भागत नाही. दावा बजावलाच गेला नव्हता असे ठरल्यास गोष्ट वेगळी. एरवी आपल्या बचावात यश येण्याची खरी शक्यता आहे आणि आपण कळताच तत्परतेने आलो, हे दाखवावे लागते. म्हणजे एका वाटेवर घटनेविषयी बोलणे अप्रस्तुत, तर दुसऱ्या वाटेवर तेच आवश्यक. पहिला प्रश्न म्हणून हातातील कागद कोणी धाडला आहे, हे पाहिले पाहिजे.

आपल्याकडील कायदाही याच तत्त्वावर चालतो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे योग्य पत्ता घालून, शुल्क भरून, नोंदणीकृत टपालाने पत्र धाडले, की उलट सिद्ध होईपर्यंत ते नित्यक्रमाने ज्या वेळी पोहोचले असते त्या वेळी बजावले गेले असे मानतात. दिवाणी प्रक्रिया संहितेत (१९०८) प्रतिवादी सापडत नसल्यास समन्स घराच्या दारावर डकविण्याची तरतूद आहे. आणि स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम दवंडी पिटून किंवा रूढ असेल त्या अन्य रीतीने जाहीर करावा असे तीच संहिता सांगते. दवंडी ही ऐकू येतेच. टपालाचे तसे नाही. म्हणूनच समन्स रीतसर बजावला गेला नव्हता असे दाखविणाऱ्यास एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागण्याचा मार्ग त्या संहितेच्या नवव्या आदेशात ठेवला आहे. १९६३ च्या मुदत कायद्याने यासाठी दिलेले ३० दिवस एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावला गेला नसेल तर मात्र हुकूमनाम्याचे ज्ञान झाल्यापासून मोजतात. येथे कायदा मानीव ज्ञान सोडून खऱ्या ज्ञानाकडे परततो. उलट, बजावणीत दोष असला तरी प्रतिवादीला तारीख वेळेवर ठाऊक होती असे दिसले, तर केवळ त्या दोषासाठी हुकूमनामा रद्द होत नाही.

धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी खटल्यात असाच मधला मार्ग काढला: ज्याला नोटीस मिळाली नाही असे वाटते त्याने न्यायालयाचा समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरून तक्रार फेटाळण्याची विनंती करावी, तसे न करणाऱ्यास नोटीस मिळाली नाही अशी सबब पुढे सांगता येणार नाही. वाहनांच्या ई-चलानाबाबत बोलावयाचे तर, केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली घातलेल्या नियम १६७-अ ने, यंत्राने टिपलेल्या अपराधाची नोटीस १५ दिवसांत धाडावी असे म्हटले. परंतु पत्ता बदलल्यास तो ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळविण्याचे कर्तव्य १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४९ ने मालकावर टाकले आहे. इंग्लंडमध्येही नोंदणीपुस्तकात नवा पत्ता न कळविणे हा १,००० पौंडांपर्यंत दंडाचा अपराध आहे. दोन्ही देशांत कळविण्याचे ओझे अशा रीतीने दोन्ही पक्षांत वाटलेले आहे: सत्तेने पत्त्यावर कळवावे, आणि नागरिकाने पत्ता कळवावा. टपालाचा पत्ता जाऊन भ्रमणध्वनीचा क्रमांक आला म्हणून यात तात्त्विक फरक पडत नाही. बदललेला क्रमांक हे नवे रिकामे घर आहे.

जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेली व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बोलणे ही क्रिया आहे, आणि इशारा देणे यासारखी क्रिया ऐकणाऱ्याने तो इशारा म्हणून ग्रहण केल्याखेरीज पुरी होत नाही, असे त्याने दाखविले. या कसोटीवर रिकाम्या घरात पडलेली नोटीस ही फसलेली क्रिया ठरते. परंतु शासनास प्रत्येक नागरिकाच्या ग्रहणाची वाट पाहत बसता येणार नाही. तसे झाले तर दार न उघडणारा मनुष्य सर्व कायद्यांच्या पलीकडे जाईल. म्हणून कायदा ग्रहणाच्या जागी एक कल्पित ठेवतो. इंग्लंडच्या नियमांत पहिल्या वर्गाच्या टपालाने धाडलेली नोटीस दुसऱ्या कामाच्या दिवशी बजावली गेली असे, उलट सिद्ध न झाल्यास, धरले जाते. महाराष्ट्रातील वाचकांस ‘मानीव अभिहस्तांतरण’ या संज्ञेतून हे विशेषण परिचित आहे. मानीव म्हणजे खोटे नव्हे, आणि खरेही नव्हे; खरे असल्याप्रमाणे वागण्याचा ठराव. असा ठराव न्याय्य राहतो तो ‘उलट सिद्ध न झाल्यास’ या चार शब्दांमुळे. टीई-९ हा कागद म्हणजे त्या चार शब्दांना दिलेला पत्ता होय.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला व्यावहारिक आहे. अशा प्रसंगी सापडलेल्या मनुष्याने रागाच्या भरात सर्व काही एकाच कागदावर लिहू नये. कागद कोणाचा, टप्पा कोणता, या टप्प्यावर प्रश्न कोणता, आणि मुदत कोणत्या दिवसापासून, हे क्रमाने ठरवावे. पाकिटावरील शिक्क्यासह कागद जपून ठेवावा. आणि विचारले तेवढेच, तारखांसह, सत्य लिहावे. निर्दोषत्वाची बाजू पुढच्या दारासाठी राखून ठेवावी.

दुसरा निष्कर्ष आपल्या अभ्यासविषयाचा आहे. मानीव ज्ञानाची कल्पना जितकी सैल वापरली जाते, तितकी सूचनेच्या भाषेवरील जबाबदारी वाढते. जो कागद वाचला गेला असे धरावयाचे, तो निदान वाचण्याजोगा असला पाहिजे. टप्पा कोणता, मुदत केव्हा संपते आणि उत्तर न दिल्यास काय होईल, या तीन गोष्टी आरंभीच्या वाक्यांत सांगणारी नोटीस आणि त्या तिसऱ्या पानावरील कलमांच्या गर्दीत ठेवणारी नोटीस, या दोन्ही कायद्याने सारख्याच ‘बजावल्या’ जातात. भाषेच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीत. आपल्या न्यायालयांच्या व महानगरपालिकांच्या मराठी नोटिशांचा या दृष्टीने पद्धतशीर अभ्यास व्हावयास हवा: त्यांतील कर्मणि वाक्ये, दीर्घ समास, अध्याहृत कर्ता आणि मुदतीचा उल्लेख कोठे येतो, हे मोजून पाहण्याजोगे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधिकेसाठी हा विषय घेता येईल. सामग्री शहरातील बहुतेक घरांत कोठल्या ना कोठल्या खणात पडलेली असते.